डच भाजीबाजार, मराठीच्या वाटेने

नेदरलँड्समध्ये इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभतं. ऑफिसात इंग्रजी चालतं, डॉक्टरकडे चालतं आणि सुपरमार्केटात तर तोंड उघडायचीच गरज नाही. वस्तू स्वतः स्कॅन करायची, कार्ड टेकवायचं, बाहेर पडायचं. त्यामुळे आम्स्टलवेन असो की आइंडहोवन, बरीच मराठी मंडळी इतकी वर्षं राहूनही ‘दांक यू वेल’च्या, म्हणजे ‘धन्यवाद’च्या, पुढे सरकत नाहीत. ज्यांना सरकायचं आहे त्यांनी सुरुवात भाजीपासून करावी. दर आठवड्याला तेच कांदे, तीच मापं, तेच चार प्रश्न. एवढी घोकंपट्टी कुठलाही क्लास करून घेत नाही.

दुसरा सल्ला जरा हट्टाचा आहे. डच इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. शब्द इंग्रजीसारखे दिसतात म्हणून सगळे इंग्रजीचा आधार घेतात आणि नेमके व्याकरणात अडतात. नपुंसकलिंग, एकक आधी आणि दशक नंतर बोलले जाणारे आकडे, वाक्याच्या शेवटी जाऊन बसणारं क्रियापद, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक. इंग्रजीला यातलं काहीच नाही. आपल्याकडे सगळं आधीच आहे, फक्त ते वापरायला हवं.

पहिली पायरी: कान

खाली सगळे डच शब्द देवनागरीत लिहिले आहेत. उच्चार नेमके उतरत नाहीत, पण पाच गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बाजारात काम होतं.

जी अक्षर दिसलं की घसा खरवडून ‘ख’ म्हणायचा. भाजी म्हणजे ख्रुन्तं, स्वस्त म्हणजे खुतकोप. शब्दाच्या सुरुवातीचा व्ही हा व आणि फ यांच्या मधला असतो, पण ऐकू फच येतो. मासा म्हणजे फिस, ताजं म्हणजे फेर्स. शब्दाच्या शेवटी डी लिहिला असला तरी बोलताना त होतो, म्हणून पाव म्हणजे ब्रोत. टी आणि डी हे आवाज आपल्या त आणि द यांच्या जवळचे आहेत. ‘ट’ म्हटलं तरी कळतं, पण ‘त’ जास्त डच वाटतो.

चौथी गोष्ट स्वरांची. ई-आय किंवा आय-जे अशी जोडी दिसली की आपला ‘ऐ’ म्हणा, हवं तर किंचित तोंड उघडून. अंड्याला डचमध्ये म्हणतातच ऐ. आता तोच ‘ऐ’ ओठांचा चंबू करून म्हणा. जो विचित्र आवाज निघेल तो कांद्याचा. लिहायची सोय म्हणून मी त्याला ‘आउ’ लिहिलं आहे, पण तो खरा आउ नव्हे. ‘ऐ’ आणि ‘आउ’ एकापाठोपाठ दहा वेळा म्हटलं की ऑम्लेटची तयारी झाली.

पाचवी गोष्ट शब्दाच्या शेवटाची. डच शब्दाच्या शेवटी ई असली तर ती ‘ए’ नसते, आपल्या ‘ताजं’, ‘पिकलं’ यांतल्या शेवटच्या आवाजासारखी असते. ई-एन असेल तर बोलताना एन बहुधा गळून पडतो आणि तोच आवाज उरतो. म्हणून दोन्हीसाठी मी अनुस्वार दिला आहे: तोमात एक टोमॅटो, तोमातं अनेक. नाकातून बोलू नका, एवढंच.

दुसरी पायरी: तो, ती, ते

डच नामाआधी दोनपैकी एक शब्द येतो, दं किंवा हेत. इंग्रजीतून आलेल्या माणसाला हे लहरी वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. जुनं पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र होऊन ‘दं’ झालं, नपुंसकलिंग ‘हेत’ म्हणून वेगळं राहिलं. म्हणजे तो-ती एका टोपलीत, ते दुसऱ्या.

काही नामं तर थेट जुळतात. ते अंडं, हेत ऐ. ते पाणी, हेत वातर. ते मांस, हेत फ्लेस. ते मीठ, हेत झौत. ते पीठ, हेत मेल. ते फळ, हेत फ्राउत. पण एवढ्यावर विसंबून राहू नका, कारण दूध आणि लोणी आपल्याकडे नपुंसक आहेत, तर डचमध्ये दं मेल्क आणि दं बोतर. उलट आपला पाव पुल्लिंगी, तिकडे हेत ब्रोत. आपला रस पुल्लिंगी, तिकडे हेत साप. तेव्हा शब्द सुटा पाठ करू नका. ‘तोमात’ नव्हे, ‘दं तोमात’.

पाठांतर कमी करणारे तीन नियम आहेत.

सुट्या भाज्या आणि सुटी फळं जवळजवळ सगळी ‘दं’ असतात: दं आउ, दं वोर्तल म्हणजे गाजर, दं कोमकोमर म्हणजे काकडी, दं बानान, दं आपल. शंका आली तर भाजीला दं म्हणून मोकळे व्हा. अनेकवचन कशाचंही असो, दंच. हेत ऐ, पण दं ऐयरं.

जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. साप हेत, म्हणून आपलसाप हेत. सूप दं, म्हणून तोमातंसूप दं. आपणही देवघर ‘ते’ म्हणतो ते घरामुळे, देवामुळे नाही. डचमध्ये जोडशब्दांचा सुळसुळाट असल्याने हा नियम रोज उपयोगी पडतो. बटाटा म्हणजे आर्दापल, शब्दशः भूमी-सफरचंद. संत्रं म्हणजे सिनासापल, चीनचं सफरचंद. डाळिंब ख्रानातापल. आपल ‘दं’ आहे हे कळलं की चार शब्दांचा प्रश्न मिटला.

तिसरा नियम सगळ्यांत गोड. डच लोकांना प्रत्येक गोष्ट लहान करून बोलायची हौस आहे. शब्दाला ‘ये’सारखा प्रत्यय लागतो आणि ते सगळे शब्द डोळे मिटून ‘हेत’. वासरू, कोकरू, पिल्लू, पाडस ही आपल्याकडे सगळी ‘ते’ असतात, तसंच. जुडी म्हणजे बॉश्यं, छोटी पिशवी ताश्यं, खोकं किंवा वाटीसारखा डबा बाक्यं, तुकडा स्तक्यं, पावती बॉनत्यं. लिंग आठवत नसेल तर वस्तू लहान करा आणि हेत लावा. डच माणसाला ते लाडिक वाटेल, चुकीचं नाही.

अनेकवचनाचे दोन मुख्य प्रकार. एक ई-एनचा: तोमातं, बानानं, कांद्यांचं आउयं, पेरचं पेरं. दुसरा एसचा, आणि तो मुख्यतः एल, ईआर किंवा स्वरात संपणाऱ्या शब्दांना लागतो: आपल्स, वोर्तल्स, कोमकोमर्स, मांगोस, पाप्रिकास. द्राक्ष एक असेल तर द्राउफ, घड भरून असतील तर द्राउवं. म्हणजे फ मऊ होऊन व होतो. अंड्याचं ऐयरं वेगळं लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: आकडे आणि मापं

एन, त्वे, द्री, फीर, फैफ, झेस, झेवं, आख्त, नेखं, तीन. होय, डचमधला ‘तीन’ म्हणजे दहा. ‘तीन तोमातं’ म्हणालात तर दहा टोमॅटो पिशवीत पडतील. आपल्याला हवा असलेला तीन म्हणजे द्री.

वीसच्या पुढे इंग्रजीवाले धापा टाकतात, कारण डचमध्ये पंचवीस हा ‘पाच आणि वीस’ असा बोलतात: फैफ-अन-त्विंतख. आपणही पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो. बत्तीस, चौसष्ट, सत्त्याऐंशी, सगळीकडे एकक पुढे. मनात इंग्रजी आकडा आणून उलटवण्याऐवजी मराठी आकडा आणा, तो सरळ उतरतो. अपवाद एकोणतीस, एकोणचाळीस यांचा. डचला ‘एक उणा’ माहीत नाही, तिथे नऊ-वीस, नऊ-तीस असंच म्हणतात.

दीड किलोलाही डचमध्ये एकाच शब्दाचं माप आहे: आंदरहाल्वं किलो. पाठ्यपुस्तकात हा शब्द मागे कुठेतरी येतो, बाजारात पहिल्याच दिवशी लागतो. अडीचला मात्र स्वतंत्र शब्द नाही, ‘दोन आणि अर्धा’ असंच म्हणावं लागतं.

मापांमध्ये दोन जुने शब्द अजून जिवंत आहेत. पोन्त म्हणजे नेमके ५०० ग्रॅम आणि ऑन्स म्हणजे १०० ग्रॅम. इंग्रजी पाउंड आणि औंस डोक्यात असतील तर काढून टाका, ते ४५४ आणि २८ ग्रॅमचे. हाल्फ पोन्त म्हणजे आपला पाव किलो. चीज आणि मांसाच्या दुकानात ऑन्स जास्त ऐकू येतो.

आता व्याकरणातली एक सवलत. ‘एक किलो कांदे’ म्हणताना आपण मध्ये काही घालत नाही. डचही घालत नाहीत: एन किलो आउयं. एन बॉश्यं कोरिआंदर, एक जुडी कोथिंबीर. आणि दोन किलो, दहा युरो यांत किलो-युरोचं अनेकवचन आपण करत नाही, तेही करत नाहीत: त्वे किलो, तीन युरो. इंग्रजीची सवय लागलेले लोक इथे फुकटचे दोन शब्द वाढवतात.

पाटीवर किंमत १,९९ अशी स्वल्पविराम देऊन लिहिलेली असते. तोंडी ‘त्वे फैफ्तख’ ऐकलं तर ते दोन युरो पन्नास सेंट, मधला युरो गिळलेला असतो. रोखीने देताना २००४ पासून एकूण रक्कम जवळच्या ५ सेंटपर्यंत कमी-जास्त करतात, म्हणून सुटे कमी आले तर भांडू नका. कार्डाने नेमकी रक्कम जाते. ‘पेर स्तक’ म्हणजे नगाला, ‘पेर किलो’ उघडच आहे.

चौथी पायरी: गाड्यासमोर

डच बाजारात रांग दिसत नाही, पण असते. पोचल्यावर आधी कोण उभं आहे ते बघून ठेवा. मग पुढचं संभाषण थोड्याफार फरकाने दर वेळी घडतं.

विक्रेता विचारतो, ‘वी इस एर आन दं ब्योर्त?’ कुणाचा नंबर?

तुम्ही म्हणता, ‘इक. खुदं मॉर्खं! माख इक फान यू एन किलो आउयं?’ मी. नमस्कार, मला एक किलो कांदे मिळतील का?

‘आल्स्त्युब्लीफ्त. आंदर्स नॉख ईत्स?’ हे घ्या. आणखी काही?

‘या, एन बॉश्यं कोरिआंदर एन आंदरहाल्वं किलो आर्दापल्स.’ कोथिंबिरीची जुडी आणि दीड किलो बटाटे.

तराजूचा काटा थोडा पुढे जातो. ‘माख हेत ईत्स मेर झैन?’ जरा जास्त झालं तर चालेल?

‘प्रिमा.’ चालेल.

‘दात वास हेत?’ झालं एवढंच?

‘या, दात वास हेत. माख इक पिनं?’ हो, झालं. कार्ड चालेल?

‘नातूर्लक. ताश्यं एरबै?’ अर्थात. पिशवी देऊ?

‘ने, दांक यू. फैनं दाख!’ नको, धन्यवाद. दिवस छान जावो!

यातलं सगळ्यांत कामाचं वाक्य ‘माख इक…’ हे. त्याच्यापुढे जे हवं ते जोडा. वस्तू हवी असेल तर वस्तू: माख इक एन स्तक्यं कास, चीजचा तुकडा मिळेल का. काही करायची परवानगी हवी असेल तर क्रियापद: माख इक प्रूवं, चव घेऊ का. चीजच्या गाड्यावर हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, बऱ्याचदा ते आपणहूनच पातळ काप पुढे करतात. घासाघीस मात्र इथे चालत नाही. भाव उतरतो तो बाजार उठायच्या वेळी, आणि तोही विक्रेता ओरडून सांगतो: ‘बाक’, म्हणजे डबा, भरून एक युरो.

हात लावण्याबद्दल सावध. आपल्याकडे भेंडी मोडून आणि वांगं दाबून पाहणं हा हक्क आहे. डच गाड्यावर पुष्कळदा विक्रेताच भाजी उचलून देतो. निवडायचीच असेल तर आधी विचारा, ‘माख इक झेल्फ आउतझूकं?’ मी स्वतः निवडू का?

‘यू’ म्हणजे तुम्ही, ‘ये’ म्हणजे तू. अनोळखी आणि वयस्कर माणसाला यू म्हणा. गाड्यावरचा विशीतला पोरगा तुम्हाला सरळ ‘ये’ म्हणाला तर तो उद्धटपणा नाही, बाजाराची रीतच मोकळी आहे.

बोट दाखवून मागायचं असेल तर जवळचं देझं, लांबचं दी. हेतवाल्या शब्दांना अनुक्रमे दित आणि दात. ‘दी दार’ म्हणजे ‘तो तिकडचा’. सुरुवातीला अर्धी खरेदी यावरच होते.

आणि तुमचा उच्चार ऐकून समोरचा इंग्रजीत शिरला तर? तो मदत करतो आहे, पण तुमचा धडा बुडतो आहे. हसून सांगा, ‘इक लेर नेदरलांत्स.’ मी डच शिकतोय किंवा शिकतेय, दोन्हीला हेच वाक्य. बहुतेक जण लगेच परत डचवर येतात आणि सावकाश बोलतात.

पाचवी पायरी: ताजं, पिकलेलं, आंबट

विशेषणाला शेवटी ‘ं’ लावायचा की नाही, यावर डच शिकणारे महिने घालवतात. नियम एका ओळीचा आहे. नामाआधी विशेषण आलं की ं लागतो, फक्त नाम एकवचनी हेतवालं असेल आणि ‘तो ठरावीक’ असा अर्थ नसेल तर लागत नाही. दं मेल्क, म्हणून फेर्सं मेल्क. हेत फ्राउत, म्हणून फेर्स फ्राउत. पण ‘ते ताजं फळ’ असं ठरावीक झालं की हेत फेर्सं फ्राउत.

नामानंतर विशेषण आलं तर ते उघडंबोडकं राहतं: दं मेल्क इस फेर्स. आपल्याकडे नामानंतरही विशेषण बदलतं, आंबा पिकलेला असतो आणि चिंच पिकलेली असते. डच इथे सोपं आहे.

पाठ करायची जोडी-जोडी अशी: रैप पिकलेलं आणि हार्त कडक, झूत गोड आणि झ्यूर आंबट, झाख्त मऊ, रॉत सडलेलं, द्यूर महाग. ‘लेकर’ म्हणजे चविष्ट, पण हा शब्द डच लोक हवेला, झोपेला, सुट्टीलाही लावतात. दिवसातून वीसदा कानावर पडेल.

फळाबद्दल विचारताना इंग्रजी सवयीने सगळ्याला ‘ते’ म्हणू नका. दंवाल्या फळाला डच माणूस ‘तो’ म्हणतो. खरबूज हातात घेऊन ‘इस-ई झूत?’ विचारायचं, गोड आहे का तो? यातला ‘ई’ म्हणजे ‘तो’चं बोलीतलं रूप. आपणही कलिंगडाबद्दल ‘ते गोड निघालं’ आणि आंब्याबद्दल ‘तो गोड निघाला’ म्हणतो. ही जाण इंग्रजीत नाही. आंबा आजच कापायचा असेल तर ‘फोर फांदाख’ म्हणा, विक्रेता दाबून पाहून तसा देईल. पाकिटावर ‘एतरैप’ लिहिलेलं असेल तर तो खायला तयार समजायचा. तयार म्हणजे कितपत, यावर माझा फारसा विश्वास नाही.

सहावी पायरी: फसवे शब्द

पेपर म्हणजे मिरी. रोदं पेपर म्हणजे लाल मिरची. पाप्रिका म्हणजे ढोबळी मिरची. तिखट हवं असताना पाप्रिकाची पूड घेतलीत तर भाजी लाल होईल, तिखट नाही.

सित्रून म्हणजे पिवळं, जाड सालीचं लिंबू. आपल्या लिंबाच्या जवळचं हिरवं ते लिमून.

बटाट्याच्या पिशवीवर दोनपैकी एक शब्द शोधा. ‘फास्तकोकंत’ बटाटा शिजून फोडी टिकवतो, काचऱ्यांना आणि रस्साभाजीला तो हवा. ‘क्राउमख’ शिजला की भुगा होतो, म्हणून बटाटेवडा, आलू पराठा आणि पावभाजीला तो. दोन्ही पिशव्या बाहेरून सारख्याच दिसतात.

दुधाचं कपाट हा नवख्यांचा मुख्य सापळा. फॉलं मेल्क म्हणजे पूर्ण साईचं, हाल्फफॉलं मध्यम, माखरं साय काढलेलं. शेजारीच कार्नमेल्क असतं, ते ताक. त्याच आकाराच्या खोक्यात फ्ला असतं, ते कस्टर्ड. दही लावायला फॉलं मेल्क आणि विरजणाला साधं फॉलं योखर्त घ्या. हौतबारं मेल्क हे बराच काळ टिकणारं, फ्रिजबाहेर ठेवलेलं दूध. दही त्याचंही लागतं, पण चव वेगळी.

चीजचं वय सांगणारे शब्द: योंग कोवळं, साधारण चार आठवड्यांचं, बलेखं चार महिन्यांच्या आसपास मुरलेलं, औत सुमारे दहा महिन्यांचं आणि खारट-करकरीत. शाकाहारी असाल तर घटकांमध्ये ‘स्त्रेमसल’ बघा, दूध फाडायचं रेनेट. त्याआधी ‘फेखेतारिस’ किंवा ‘मिक्रोबियेल’ लिहिलेलं असेल तर चालेल, ‘दीर्लक’ म्हणजे प्राणिज.

खिमा म्हणजे खहाक्त. इथे ‘हाल्फ-ओम-हाल्फ’ असं पाकीट सर्रास मिळतं, त्यात अर्धं गोमांस आणि अर्धं डुकराचं मांस असतं. रंदर म्हणजे गाय-बैल, फार्कं डुक्कर, किप कोंबडी, लाम्स कोकरू. कोकणातल्या मंडळींसाठी: मक्रेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. पण ‘खस्तोमदं मक्रेल’ हा धुरावलेला, खायला तयार मासा, त्याचं तिखलं होणार नाही. ‘फेर्सं मक्रेल’ मागा आणि जोडीला म्हणा, ‘कन्त यू हेम स्खोनमाकं?’ साफ करून द्याल का? ‘हेम’ म्हणजे त्याला. इथेही मासा ‘तो’ आहे, ऐकलंत ना?

बाकं हे क्रियापद भाजण्यालाही आहे आणि तळण्या-परतण्यालाही. म्हणून खबाकं ऐ म्हणजे तव्यावरचं अंडं. कोकं म्हणजे उकडणं आणि स्वयंपाक करणं, दोन्ही.

सातवी पायरी: पाकिटावरचं वाचन

दोन तारखा वेगळ्या ओळखा. ‘ते खब्राउकं तॉत’ म्हणजे या तारखेपर्यंतच वापरा. मांस, मासे, कापलेली भाजी यांवर असते आणि ती पाळायची. ‘तेन मिन्स्तं हौतबार तॉत’ म्हणजे निदान इथपर्यंत उत्तम राहील. नंतर वास, चव बघून ठरवा. पाकिटांवर दोन्हींची तीन-तीन अक्षरी लघुरूपं असतात, पहिलं टी-जी-टी आणि दुसरं टी-एच-टी. मधलं अक्षर बघायचं.

कॉर्तिंग म्हणजे सूट. ‘त्वेदं हाल्वं प्रैस’ म्हणजे दुसरी वस्तू अर्ध्या किमतीत, दोन्ही नव्हे. हेरकॉम्स्त म्हणजे माल कुठला. खकूल्त बवारं, थंड ठेवा. घटकांच्या यादीत अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ युरोपीय नियमानुसार ठळक छापतात, त्यामुळे अंडं आणि दूध पटकन सापडतं.

तोंडी विचारायचं तर ‘झित एर ऐ इन?’ यात अंडं आहे का. आणि नकार देताना नामाला ‘खेन’ लावा, ‘नीत’ नव्हे: इक एत खेन फ्लेस. मी मांस खात नाही. विशेषणाला मात्र नीत: नीत रैप, पिकलेलं नाही.

सरावासाठी पुस्तक विकत घ्यायच्या आधी सुपरमार्केटचं साप्ताहिक जाहिरातपत्रक घ्या. अल्बर्ट हैन, यंबो, लिडल, सगळ्यांचं निघतं. चित्र, नाव, माप, किंमत आणि विशेषण एकाच चौकोनात असतं. प्रत्येक नामाला दं की हेत ते स्वतः लिहायचं आणि शब्दकोशात ताडून पाहायचं. खरेदीची पावतीही तशीच वापरता येते. बोलायला माणूस हवा असेल तर सार्वजनिक वाचनालयांमध्ये तालकाफे भरतात, चहा पीत डच बोलायची बैठक.

हेगमधली एक वाट

हेगचा हाखसं मार्क्त सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांत तो मोजला जातो. तिथे कारली, लांब चवळी, भेंडी, मेथी सगळं मिळतं, पण नावं निराळी. कारलं म्हणजे सोप्रोपो, चवळीची लांब शेंग कौसंबांत, भेंडी ओक्रा. यातली पहिली दोन नावं सुरीनामी डच, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या जुन्या डच वसाहतीतली. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरीनामला पोचलं. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्या मजुरांचे वंशज मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले आणि बरेच जण हेगमध्ये स्थिरावले. घरात त्यांची भोजपुरीच्या वळणाची सरनामी बोलतात, दुकानात डच. त्यांच्या ‘तोको’त, म्हणजे किराणा दुकानात, हिंदी बोलायचा मोह होतो. आवरा. शांतपणे डच बोलवून घेणारा आणि कारल्याचं काय करायचं हे माहीत असलेला दुकानदार दुसरीकडे मिळणार नाही. आम्स्टरडॅममध्ये असाल तर आल्बर्त काउप बाजार रविवार सोडून रोज असतो, पण तिथे पर्यटक फार आणि इंग्रजीही फार.

शेवटची पायरी: क्रियापद मागे

इथवर आलात की वाक्यं लांबवा. ‘इक विल त्वे मांगोस कोपं’, शब्दक्रमाने ‘मला हवं आहे दोन आंबे घेणं’. मदतनीस क्रियापद दुसऱ्या जागी, खरं काम करणारं शेवटी. भूतकाळातही तसंच: इक हेप खिस्तरं तोमातं खकॉख्त, काल टोमॅटो घेतले; ‘घेतले’ शेवटी. आणि ‘कारण’ जोडलं की सगळंच क्रियापद मागे: ओमदात झं नीत फेर्स झैन, ते ताजे नाहीत म्हणून. शेवटचा शब्द येईपर्यंत थांबायची सवय मराठी कानाला आहेच.

एका ठिकाणी मात्र मराठी कामाला येत नाही. वाक्याची सुरुवात ‘आज’, ‘उद्या’ अशा शब्दाने केली की क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं: फांदाख कोप इक फिस, आज घेतो मी मासे. ते पाठच करावं लागतं.

याची परीक्षा घ्यायला उत्तम प्रसंग म्हणजे तक्रार. खराब निघालेली पिशवी घेऊन काउंटरवर जायचं, बॉनत्यं हातात ठेवायचं आणि म्हणायचं: ‘इक हेप देझं तोमातं खिस्तरं खकॉख्त, मार झं झैन नीत खुत.’ हे टोमॅटो काल घेतले, पण चांगले नाहीत. समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, ‘खेल्त तेरख ओफ नियूवं?’ पैसे परत की नवे? नियूवं म्हणायचं असेल तर पुढे ‘ख्राख’, म्हणजे ‘चालेल, द्या’, जोडा.